एक वीत

आतड्याची ओळख मला करून देऊ नका, डॉक्टरीणबाई.
दर नोव्हेंबरात आमच्याकडे मेंढ्या कापतात.
पुरुष छातीत हात घालून आवाज न करता जीव काढून घेतात,
मग वाफाळती परात बायकांपुढे येते.
किती आतडी उलटी केली असतील या हातांनी,
धुतली, रक्त भरून दोऱ्यानं बांधली.
मेंढीच्या जठरात तर आम्ही लोणी ठेवतो,
हिवाळाभर टिकतं.

ओदोनचिमेगबाई हसल्या नाहीत.
कागदावर पेन्सिलीनं एक पिशवी काढली,
मुठीएवढी, जाड भिंतीची.
औषधं झाली, म्हणाल्या, सुया झाल्या,
ही ताणतच नाही, आणि सगळा दाब
वर मूत्रपिंडांकडे चढतो.
जठराचा तुकडा लावता येतो,
पण ते आम्ल सोडायचं विसरत नाही, लघवी जाळत येते.
वरचा स्नायू सोलून अस्तर फुगू द्यावं,
तर बऱ्याचदा पुन्हा आकसतं.
एखादी मूत्रनलिका निकामी होऊन फुगलेली असती, तर तिचं ठिगळ केलं असतं.
तशी याच्याकडे नाही.

राहिलं आतडं.

माझं घ्या, म्हटलं.
त्याचंच लागतं, म्हणाल्या.
किती?
त्यांनी टेबलावर पंजा ताणला,
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

नर्सनं नाव विचारलं. एनेबिश.
म्हणजे 'हा तो नव्हे'.
आधीची दोन गेली म्हणून सासऱ्यांनी ठेवलेलं,
न्यायला येणाऱ्यानं दारात ऐकावं
आणि चुकलो म्हणून पुढं जावं.
हा पाठीचा मणका उघडा घेऊन आला, तरी राहिला.
सात वर्षं राहिला.
ऑपरेशनच्या सकाळी मनगटावरच्या पट्टीवर तेच नाव,
आणि मला घाम फुटला:
सुरी धरणाऱ्यांनीही वाचलं तर?

गेल्या सप्टेंबरात वसतिगृहात ठेवला होता.
अकराव्या दिवशी बाईंनी परत पाठवला,
मोटरसायकलच्या मागं त्याची गादी बांधून.
ओली विजार उणे तीस अंशांत
पत्र्यासारखी वाजते.
गोम्बोदोर्जनं ती सगळ्या वाटेवर ऐकली,
घरी येऊन काही बोलला नाही,
घोड्याचं खोगीर दोनदा पुसलं.

सहा तास.
माझं आतडं तुटतं, असं मी आयुष्यभर म्हणत आले,
मेंढरू हरवलं तरी म्हणायचे.
त्या बाकावर बसून कळलं, ते खरंच तुटतं,
वीतभर,
आणि राहिलेली दोन टोकं
पुन्हा एकमेकांना शिवता येतात.
कापलेलं लांबीत उभं चिरतात, नळीची चटई करतात,
दुमडतात, पिशवीच्या उघड्या तोंडावर ठिगळ लावतात.
आणि आंत्रपुच्छाची वाट बेंबीत आणून सोडतात,
एक दार, नळीपुरतं.

आता तो आतड्याचा तुकडा पाणी धरतो.
नवं काम शिकला, जुनी सवय मात्र सोडत नाही,
अजून शेंबूड गाळतो.
रोज धुवावं लागतं, नाहीतर खडे होतात.
उकळून गार केलेलं पाणी, लिटरला नऊ ग्रॅम मीठ.
चहात मीठ घालणारा माझा हात कधी चुकला नाही,
तरी बाजारातून काटा आणला.
हे जन्मभराचं आहे, बाईंनी दोनदा सांगितलंय,
आणि पोट अचानक दुखलं तर
रात्र असो, वादळ असो, निघायचं.
झावखानात वादळ असलं की निघता येत नाही.
हे मी त्यांना सांगितलं नाही.

काल पहाटे तीनला सवयीनं जाग आली.
नमद्याखाली हात घातला,
कोरडं.
पुन्हा घातला, पलीकडच्या कडेपर्यंत.
मग बसून राहिले. या वेळेला मी काय करते
ते मला आठवेना.

सहाला घड्याळ वाजलं.
तो उठला, सदरा हनुवटीखाली धरला,
नळी घेतली, बादली पायानं ओढली.
मी कंदील जवळ नेला.
"आई, बघू नकोस."

मी तोंड फिरवलं
आणि चुलीत शेण घालत राहिले,
गरजेपेक्षा जास्त.